साडेआठ मिलिमीटर

३ एप्रिल

रिटायर झाल्यावर डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं. वजनमापे खात्यात असताना रोज दौऱ्याची डायरी लिहावी लागे. कोणत्या बाजारात कोणाचा काटा खोटा निघाला, कोणाच्या पाच किलोच्या वजनाचं बूड पोखरलेलं होतं, सगळं त्यात. लिहून लिहून हात दुखला होता. आज पुन्हा पेन उचललं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढणारा हा जागेश्वर धकाते आज स्वतःच मापात नापास झाला आहे.

त्याचं असं झालं की आमचा अभिजीत मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात ज्या कंपनीत आहे, तिने नोकरदारांच्या आईबापांसाठी आरोग्य तपासणीचं पॅकेज दिलं. आईबाप म्हणजे दोघांतला एकच. सिंधू म्हणाली, "तुम्हीच जा. मले का झालं." तेव्हा मी गेलो. रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, पोटावर थंडगार जेली चोपडून सोनोग्राफी केली आणि शेवटी इडली दिली. रक्ताचे सगळे आकडे बरोबर आले, लिव्हरचेही. पण सोनोग्राफीत लिहून आलं: पित्तनळी साडेआठ मिलिमीटर, किंचित रुंद, क्लिनिकली कोरिलेट करावे. नेटवर बघितलं तर मोठ्या माणसाची पित्तनळी सहापर्यंत असावी. म्हणजे अडीच जास्त. याच्याहून कमी फरकावर मी लोकांचे तराजू जप्त केले आहेत.

तिथल्या फॉर्मवर 'पूर्वी झालेली ऑपरेशनं' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. चौदा वर्षांपूर्वी खडे झाले म्हणून माझं पित्ताशय काढून टाकलं आहे, पण ते मी का सांगावं? तपासणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही, हा खात्यातला पहिला धडा. सांगितलं की त्याचा काटा तिकडेच झुकतो. यांनी काय लिहावं? 'पित्ताशय आकुंचन पावलेले असावे.' नसलेल्या वस्तूचं आकुंचन! पण नळीचं माप मात्र त्यांनी यंत्रावर घेतलं आहे, ते खोटं कसं म्हणू?

५ एप्रिल

मनीषनगरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत शालिकराम हा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. त्याला पोटाचंही कळतं, कारण त्याच्या मते पोट म्हणजे कालवेच. रिपोर्ट त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला की कालवा फुगला म्हणजे पुढे कुठंतरी गाळ अडकला असं समजावं. त्याच्या साळ्याची नळीसुद्धा आठ झाली होती. मी विचारलं, पुढे काय झालं?

"गेला न गा."

"नळीनं?"

"नाई, बसनं उडवलं. पण नळी होतीच."

घरी आलो. सिंधूला सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून लाटण्याने पाठ खाजवत ऐकत होती. म्हणाली, अंगाला सारखी खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. एप्रिल लागला की तिला घामोळ्या येतातच. पावडर लाव म्हटलं आणि कोरिलेट म्हणजे नक्की काय ते बघायला पुन्हा नेटवर बसलो.

१० एप्रिल

एका काट्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून दुसऱ्या सेंटरवर गेलो, पहिला रिपोर्ट घरी ठेवून. तिथली मुलगी हुशार निघाली. पोटावर यंत्र फिरवता फिरवता थांबून तिने विचारलं, काका, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय का? मी म्हटलं, तुम्हीच बघा. तिने मुकाट्याने लिहिलं: पित्ताशय दिसत नाही. नळी सात. मी विचारलं, या यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली, शिक्का कुठे आहे? ती म्हणाली, कंपनीचा माणूस येऊन बघून जातो. म्हणजे व्यापाऱ्याचा काटा व्यापाऱ्यानेच तपासायचा. सातवर माझा विश्वास बसला नाही.

१२ एप्रिल

तिसऱ्या सेंटरचा निकाल. नळी नऊ. आणि वर लिहिलं आहे, 'पित्ताशय आकार व भिंत सामान्य.' मी बाकावर बसूनच हसलो. चौदा वर्षांपूर्वी जे बादलीत गेलं, ते यांना सामान्य दिसलं. शेजारी सिंधू बसली होती, तिला दाखवलं. तिला हसू आलं नाही. पाणी प्यायला गेली आणि तोंड धुऊन आली. मळमळतं म्हणाली. उपाशीपोटी मला घेऊन फिरायचं म्हणजे त्रास होणारच. मी तिला निघताना चार बिस्किटं खायला सांगितलं होतं.

नऊ मात्र खरं असावं. मापं वाढतच चालली आहेत.

१६ एप्रिल

खाणं बंद केलं आहे. म्हणजे तेलातलं. दुधीचा रस, मुगाचं पाणी, उकडलेला भोपळा. आम्ही उमरेडचे कोष्टी. आमचे वडील मागावर बसायचे आणि रविवारी आई सावजी रस्सा करायची. रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तर्रीचा वास घरभर सुटायचा. तोच हात आईकडून सिंधूकडे आला. आमच्या घरी सावजी खायला अभिजीतचे साहेबही येऊन गेले आहेत.

आज एक गोष्ट बघून डोळ्यांत पाणी आलं. शेजाऱ्यांकडे फोडणी पडली तशी सिंधूने नाकाला पदर लावला आणि खिडकी बंद केली. तेलाचा वासच सहन होत नाही म्हणते. स्वतःसाठीसुद्धा वेगळं काही करत नाही, माझ्यासोबत भोपळाच खाते, तोही दोन घास. नवऱ्याला जे वर्ज्य ते आपल्यालाही वर्ज्य. अशी बायको नशिबाने मिळते. मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तसं काही नाई जी, मलेच जेवण नाई जाऊन राहिलं." मोठेपणा घेणं तिच्या स्वभावातच नाही.

२१ एप्रिल

उमरेडला भाचीचं, म्हणजे भावनाचं लग्न लागलं. हळदीच्या दिवशी बायकांनी एकमेकींना इतकी हळद फासली की अंगणातली फरशीही पिवळी झाली. सिंधूला धरून धरून लावली.

जेवणाच्या पंगतीत मी माझा डबा काढून भोपळा खाल्ला. त्यामुळे चार लोकांनी चौकशी केली आणि मला नळीबद्दल सविस्तर सांगता आलं. एका व्याह्यांनी तर वही मागून आकडे लिहून घेतले. सिंधूने मात्र आग्रहाला बळी पडून थोडा रस्सा खाल्ला आणि नंतर पोटात कळ आली म्हणून आतल्या खोलीत पडून राहिली. ओवा दिला. कळ पाठीपर्यंत जाते म्हणाली. ज्याची सवय तुटली त्याने एकदम खाऊ नये, हे मी तिला नीट समजावलं.

२९ एप्रिल

ज्यांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब आहेत अशा पोटाच्या एका डॉक्टरांना दाखवलं. कामाचा माणूस वाटला. मला झोपवून पोट दाबण्यात वगैरे वेळ घालवला नाही. तिन्ही रिपोर्ट टेबलावर मांडले, सात, साडेआठ, नऊ असे आकडे गोल केले आणि म्हणाले, काही नसेलही, पण तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड बघून घेऊ, लागलं तर मोकळं करू. मी विचारलं, धोका? म्हणाले, सही घेतो आम्ही. त्या उत्तराने मला धीर आला. सही घेणारा माणूस नियमाने चालतो. १५ मे तारीख पडली. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं.

ऑपरेशनचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

येताना ऑटोत उजेडात सिंधूकडे बघितलं. लग्नाची हळद अजून उतरली नाही. चेहरा, गळा, हात, सगळीकडे पिवळसर झाक आहे. तिला म्हटलं, नवरी भावना की तू? ती लाजली नाही, बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. तिच्याही मनावर १५ तारखेचं ओझं आलं असणार.

६ मे

अभिजीतला बसवून सगळं समजावून दिलं. पेन्शनचे कागद कुठे, घराची फाइल कुठे, गॅसचं पुस्तक कुठे. पोराने मधेच विचारलं, "बाबा, आईचं वजन काहून कमी होऊन राहिलं?" मी म्हटलं, मनाला लावून घेतलं आहे तिने. मलाही ते दिसतं. ब्लाउज खांद्यावरून उतरतात, दुपारी भांडी तशीच ठेवून पडते. या वयात एखाद्या बाईने नवऱ्यासाठी इतकं झिजावं हे बघून मला एकीकडे वाईट वाटतं आणि खोटं कशाला लिहू, दुसरीकडे बरंही वाटतं.

संध्याकाळी जवळ बसून तिला म्हटलं, सिंधू, एवढी चिंता करू नको, मी काही लगेच जात नाही. ती म्हणाली, "चिंता नाई जी. मले बरंच नाई वाटून राहिलं." मी म्हटलं, तेच तर मी म्हणतो आहे.

तिने हात कोपरापर्यंत खाजवून लाल केले आहेत. पावडर बदलून आणली.

१२ मे

बाहेर डांबर वितळायची वेळ आणि सिंधू जाड चादर ओढून कुडकुडते आहे. दात वाजत होते. कूलर थेट अंगावर घेतला की असंच होतं. कूलर माझ्याकडे वळवून घेतला, मग तिचं कुडकुडणं थोड्या वेळाने थांबलं आणि घाम आला.

अभिजीतने परस्पर एक वेगळीच भानगड करून ठेवली आहे. त्याच्या ऑफिसातल्या प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा भाऊ, डॉ. संघपाल, धरमपेठेत पोटाचे डॉक्टर आहेत. दुर्बीण घालण्याआधी त्यांचं मत घ्यायचंच म्हणतो. उद्याची वेळ घेतली. ठीक आहे, चौथा काटा. सिंधू म्हणाली, तुम्ही दोघं जा, माझ्यानं उठणं नाई होत. पण अभिजीतला कॉल आहेत आणि फाइल सांभाळायला कोणीतरी हवं. चल म्हटलं, ऑटोनेच तर जायचं आहे.

१३ मे

जे झालं ते क्रमाने लिहितो.

डॉ. संघपाल पोरसवदा दिसतात. मी तीन रिपोर्ट पुढे केले, त्यांनी ते बाजूला सारले आणि म्हणाले, काका, आधी टेबलावर झोपा. शर्ट वर केला. बेंबीजवळच्या आणि बरगडीखालच्या बारक्या व्रणांवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कधी झालं?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्या नजरेपुढे माझं खातं टिकलं नाही. चौदा वर्षांपूर्वी पित्ताशय काढलं, असं सांगून टाकलं. आधी कोणाला का सांगितलं नाही, तेही सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी शांतपणे समजावलं. पित्ताशय काढलं की पुष्कळांची नळी थोडी रुंद होते. वयानेही होते. माझं रक्त बरोबर, कावीळ नाही, दुखणं नाही. अशा माणसाला नऊ किंवा दहा हेही चालून जातं. सात, साडेआठ, नऊ हा फरक नळीचा नाही. एकाने इथे मोजलं, दुसऱ्याने दोन बोटं खाली, एवढंच. दुर्बीण घालायचं काही कारण नाही.

मी वाद घातला. सहा म्हणजे सहा. माणूस बदलला म्हणून माप बदलत नाही.

"किलो बदलत नाही, काका. माणसाची नळी म्हणजे किलो नाही. आकडा बघायच्या आधी माणूस बघावा लागतो. कोरिलेट म्हणजे तेच."

हे म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्यावरून निघाली आणि माझ्यामागे स्टुलावर फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या सिंधूवर गेली. तिथेच थांबली. ते उठले. काकू, इकडे या जरा, खिडकीशी, म्हणाले. ट्यूबलाइट बंद केली. तिला उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

मी म्हटलं, ती हळद आहे. उमरेडच्या लग्नाची.

डॉक्टर माझ्याकडे वळले नाहीत. "काका, डोळ्याच्या आत हळद लावत नाहीत."

त्यांनी तिला पाच-सहा प्रश्न विचारले. खाज येते का? लघवीचा रंग? थंडी वाजते? कळ पाठीत जाते? प्रत्येकाला ती 'हो' म्हणत गेली. कधीपासून, असं विचारलं तेव्हा म्हणाली, लग्नाच्या पुष्कळ आधीपासून. मग तिथेच तिची सोनोग्राफी केली. पडद्यावर ती नळी मलासुद्धा दिसली, कोणी दाखवायची गरज पडली नाही. सोळा मिलिमीटर. पुढे काहीतरी अडलं आहे आणि अडलेल्या पित्तात जंतू झाले आहेत, म्हणून थंडी. आजच भरती करायचं. खडा असेल, गाठही असू शकेल, दुर्बीण घातल्याशिवाय सांगता येत नाही.

मी फाइल उचलली. त्यात सगळे कागद माझेच होते.

१४ मे

सलाइन लावली आहे, अँटिबायोटिक सुरू आहे. ताप उतरल्यावर उद्या दुर्बीण.

दुपारी ती जागी झाली तेव्हा विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

"सांगतलं न जी. तुम्ही म्हणाले घामोळ्या."

मी सलाइनचे थेंब मोजू लागलो. तिनेच थोड्या वेळाने माझी समजूत काढल्यासारखं म्हटलं, "तुमची नळी चालू होती न. एका घरात दोन नळ्या कशा चालतीन?"

ती चेष्टेत बोलली की मनापासून, मला ओळखता आलं नाही. इतकी वर्षं सोबत राहून तेवढंही ओळखता येत नाही. गाठ हा शब्द मी अभिजीतला सांगितला नाही. मी घाबरलो आहे. माझ्या नळीच्या वेळी मला जे वाटत होतं ते घाबरणं नव्हतं, ती नुसती हौस होती. खरं घाबरणं हे आहे. यात कोणाला काही सांगावंसं वाटत नाही.

१५ मे

तिला आत नेलं तेव्हाच माझा फोन वाजला. लांब पदव्यांच्या डॉक्टरांकडची मुलगी होती. काका, आज आपली तारीख आहे, उपाशी आहात ना? मी हो म्हटलं. खरोखरच काल रात्रीपासून पोटात काही गेलं नव्हतं. मग या तुम्ही, म्हणाली. मी म्हटलं, माझी नळी चांगली आहे, बाई. माणूस आत आहे. तिला काही कळलं नसेल, कारण ती म्हणाली, मग पुढची तारीख देऊ का?

शालिकराम बाजूला बसला होता. कालव्याचं बोलला नाही. साळ्याचंही नाही. एकदा चहा आणला, तो तसाच गार झाला.

दार उघडून डॉ. संघपाल बाहेर आले आणि आधी मान हलवली, मग बोलले. खडा होता. गाठ नाही. काढला, पित्त मोकळं वाहू लागलं. अंगात ताकद आली की तिचंही पित्ताशय काढून टाकू. त्यांच्या हातात छोटी बाटली होती. काका, मोजायचा का, असं त्यांनी विचारलं. माझ्या खिशात मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर आहे की काय असं वाटलं असेल त्यांना. होताच. पण मी नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. शालिकरामने पाठीवर हात ठेवला. त्याने बघितलं याची आता लाज वाटत नाही.

२६ मे

सिंधू घरी आहे. खाज गेली. काल दीड पोळी खाल्ली. अभिजीतने पुढच्या वर्षीचं पॅकेज आईच्या नावाने घ्यायचं ठरवलं आहे, कारण कंपनी एकाचंच देते. भोपळा घरातून हद्दपार झाला. सावजीला डॉक्टरांनी सध्या नाही म्हटलं आहे. पण आज शेजारी फोडणी पडली तेव्हा तिने खिडकी लावली नाही. उलट म्हणाली, "खोबरं कच्चं राहिलं तिचं." मी ते ऐकलं आणि उगीचच दोनदा ओट्यापर्यंत जाऊन आलो.

बागेतली मंडळी भेटायला आली होती. कोणीतरी विचारलं, वयनीची किती एमएम होती? सगळ्यांचे कान टवकारले, आकडा मिळाला असता तर आठवडाभर पुरला असता. मी म्हटलं, आठवत नाही. शालिकरामने माझ्याकडे बघितलं आणि विषय काढला तो आंब्यांच्या भावाचा.

एक नवीन काम मागे लागलं आहे. सकाळी चहाच्या आधी सिंधूला खिडकीशी बसवतो, ट्यूबलाइट बंद करतो आणि पापणी ओढून बघतो. पहिले दोन दिवस पापणी नीट धरता येत नव्हती. आता जमतं. ती कटकट करते, पण उजेडाकडे तोंड करून बसते. आजही बसली.

"का दिसलं?"

"पांढरं."

"मंग सोडा आता, डोळा दुखून राहिला."

मी सोडला. तेव्हा तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, माझी पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिली. तिच्या बोटांना अजून हॉस्पिटलच्या मलमाचा वास आहे.

"तुमचंबी पांढरं आहे," ती म्हणाली. "आता उठा, दूध आणाले जा."